‘आसिलो’चं नाव काढू नका, आधी कार्ड बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : टेक्ससच्या मेक्सिको सीमेलगतच्या रिओ ग्रांदे व्हॅलीत होम हेल्थची, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन करायची फिजिओथेरपी सुरू करून तीन महिने झालेत. पेशंट ७८ वर्षांच्या, मेक्सिकोतून आलेल्या आजी. खुब्याचं ऑपरेशन झालंय, मधुमेह आहे, हल्ली विसरायला लागल्यात. मुलगी काम सोडून घरी बसलीय, पण आईला खुर्चीतून उठू देत नाही. तुम्ही नर्सिंग होमचा विषय काढलात आणि तेव्हापासून ती तुमच्याशी कामापुरतंच बोलते. ‘यांची संस्कृतीच अशी आहे का?’ असं विचारलंयत.

मी याच भागात चौदा वर्षं घरोघर हिंडतोय. पहिली दोन-तीन वर्षं मीही सगळं खापर संस्कृतीवर फोडलं. आता आधी कागद बघतो.

नर्सिंग होम म्हटलं की त्यांच्या कानावर ‘आसिलो’ पडतं, स्पॅनिशमधला वृद्धाश्रम. आपल्याकडे ‘आईला वृद्धाश्रमात टाकलं’ यातलं ‘टाकलं’ जसं बोचतं, तसंच. एवढा भाग संस्कृतीचा, मान्य. पण त्या मुलीने मनात हिशेबही केलेला असतो. मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा, नर्सिंग होममध्ये कायमच्या राहण्याचे पैसे देत नाही. ऑपरेशननंतरच्या शुश्रूषेसाठी फार तर १०० दिवस, तेही एकविसाव्या दिवसापासून पेशंटचा वाटा धरून. पुढचा खर्च मेडिकेडने, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी योजनेने करायचा, नाहीतर घरच्यांनी. आणि मेडिकेडचा खर्च माणूस गेल्यावर त्याच्या घरातून वसूल होऊ शकतो, हे इथे प्रत्येकाला कुठल्यातरी चुलतभावाकडून अर्धवट कळलेलं असतं. ज्या घराची एकेक खोली तीस वर्षांत बांधली, ते जाणार म्हटल्यावर कोण तुमच्याशी हसून बोलेल?

आता आजींचं वय बघा. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कागद, म्हणजे अमेरिकेत कायदेशीर राहण्याची परवानगी मिळाली, त्या वेळी त्या चाळिशीच्या आत-बाहेर असणार. त्याआधीची मजुरी बहुतेकांची रोखीत. शेतावर अख्खं कुटुंब राबायचं आणि नोंद व्हायची बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरावर. मेडिकेअरचा पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, हप्त्याशिवाय हवा तर ४० तिमाह्या, म्हणजे दहा वर्षांच्या कामाची नोंद लागते. बाईने चाळीस वर्षं टोमॅटो खुडलेले असतात आणि नोंद निघते सहा वर्षांची! नवऱ्याच्या नोंदीवर मिळू शकतं, पण मग लग्नाचा दाखला कुठल्यातरी गावच्या चर्चमध्ये शोधत बसा. मेक्सिकोतली वर्षं इकडे जोडता येत नाहीत. ती जोडण्यासाठी दोन देशांमधल्या करारावर २००४ मध्ये सह्या झाल्या, तो अमलात मात्र आला नाही. (आपण हसू नये. भारत-अमेरिकेत तर असा करारच नाही.) ज्यांना ग्रीन कार्ड उशिरा, मुलांमार्फत मिळालं, त्यांना १९९६ च्या कायद्यामुळे मेडिकेडसाठी बहुधा किमान पाच वर्षं थांबावं लागतं.

तुमच्या भेटींचे पैसे कोणीतरी देतंय, म्हणजे आजींकडे काहीतरी आहे. मुलीकडे काय आहे, हा वेगळा प्रश्न. आईकडे कागद आणि मुलीकडे नाहीत, अशी घरं इथे भरपूर. माझ्या एका पेशंटची मुलगी सॅन अँटोनियोच्या मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट दर वेळी ऐनवेळी रद्द करायची. मी मनात तिला बेजबाबदार ठरवून टाकलं होतं. मग कधीतरी डोक्यात प्रकाश पडला : उत्तरेकडे जायचं तर फाल्फुरियासला बॉर्डर पेट्रोलचा कागद तपासायचा नाका लागतो. ती आईला नेणार कशी? म्हणून सांगतो, कागद आहेत की नाहीत, ते ‘स्टेटस’ कधीही विचारू नका. ‘आजींची सगळी कार्डं एकदा दाखवता का’ एवढंच म्हणा.

आजींकडे मेडिकेड निघालं तर मात्र चित्र बदलतं. इथे घरोघरी ‘प्रोव्हायडर’ हा शब्द ऐकू येईल, म्हणजे आंघोळ-स्वयंपाकाला तासाच्या हिशेबाने येणारी बाई. ती प्रोव्हायडर पोटची मुलगीही होऊ शकते आणि तिला पगार मिळतो. नवऱ्याला मात्र मिळत नाही. काम करण्याचा परवाना हवा, आणि घरच्यांनी ‘आमचं आम्ही बघू’ म्हणण्यामागे पुष्कळदा हेच कारण निघतं. शिवाय वृद्धांच्या डे केअरच्या बसगाड्या तुम्ही रस्त्यावर पाहिल्या असतीलच. तिथे नाश्ता, नर्स, लोतेरियाचे (मेक्सिकन हाउजीचे) डाव. याला कोणी आसिलो म्हणत नाही, कारण संध्याकाळी आई घरी येते. मी हल्ली विषय इथून काढतो. ही सोय करून देणं एजन्सीच्या सोशल वर्करचं काम. सोशल वर्करच्या भेटीची ऑर्डर मागून घ्या, स्वतः सल्ले देत बसू नका.

हे सगळं मी ‘हिस्पॅनिक’ (स्पॅनिशभाषक देशांतून आलेले) या एका शब्दावर सांगत नाहीये, हे लक्षात असू द्या. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, क्युबातून आलेल्यांसाठी १९६६ पासून वेगळा कायदा आहे. मायामीतल्या आजींना माझं निम्मं उत्तर लागू नाही.

अभ्यासक ज्याला हिस्पॅनिक विरोधाभास म्हणतात तो ऐकला असेल : पैसा कमी, विमा कमी, शिक्षण कमी, तरी आयुष्य जास्त. टेक्ससमधल्याच गॅल्व्हेस्टनचे संशोधक मार्किडीस यांनी १९८६ मध्येच तो मांडला, आणि १९९३ पासून पाच राज्यांतल्या ३,०५० मेक्सिकन-अमेरिकन वृद्धांचा पाठपुरावा सुरू केला. २०१९ मध्ये हिस्पॅनिकांचं सरासरी आयुर्मान ८२ च्या जवळ होतं. कोविडमध्ये ते ७८ च्या खाली आलं. पण जास्तीची ही वर्षं बरीचशी अपंगत्वात जातात. आजींच्या मुलीने नोकरी सोडलीय ती कदाचित पंधरा वर्षांसाठी. तिच्या स्वतःच्या तिमाह्यांची नोंद आता थांबलीय, म्हणजे आईची गोष्ट पुन्हा पहिल्या पानापासून. ह्यूस्टनला असलेला भाऊ फोनवरून सगळं ठरवतो, दोन-तीन महिन्यांनी येतो आणि ‘आई किती खराब झाली’ म्हणतो. (ओळखीचं वाटलं ना?)

त्यामुळे मुलीला दुसरी पेशंट समजा. ती आईला उठू देत नाही, कारण आई पडली तर जबाबदार तीच, आणि उचलायचंही तिनेच. आईला खुर्चीतून उठवताना हात कुठे धरायचे, स्वतःची कंबर कशी सांभाळायची, आईच्या कमरेला आधाराचा पट्टा कसा बांधायचा, हे मी पहिल्या दोन भेटींत मुलीकडून करून घेतो. आजींचे व्यायाम नंतर.

बोलण्याबद्दल : ॲपवर शिकलेलं स्पॅनिश ‘तू’वर येतं. आजींना ‘उस्तेद’ म्हणा आणि नावाआधी ‘दोन्या’ (आपलं ‘बाई’सारखं) लावा. अहो-जाहोत वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको, पण मी स्वतः सहा महिने पेशंटना अरे-तुरे करत होतो. त्या ‘सी, सी’ म्हणतील तो मान राखण्याचा होकार; व्यायाम समजला असा त्याचा अर्थ नाही. करून दाखवायला सांगा. बारा वर्षांच्या नातवाला दुभाषा करू नका, एजन्सीला फोनवरचा दुभाषा फुकट द्यावाच लागतो.

आणि औषधांची पिशवी मागा, डबी नव्हे. त्यात नदीपलीकडच्या, मेक्सिकोतल्या नुएवो प्रोग्रेसोतून आणलेली औषधं निघतील. मेटामिझोल हमखास, म्हणजे आपलं ॲनाल्जिन. अमेरिकेत ते १९७७ मध्ये बंद झालं, कारण क्वचित कोणाच्या पांढऱ्या पेशी धोकादायक उतरतात. आपण विचारल्याशिवाय आजींनी ते सांगितलेलं नसतं, आणि आपण विचारत नाही. लेबलही वाचून बघा. इंग्रजीत ‘दिवसातून एकदा’ साठी जो ‘वन्स’ छापतात, तीच चार अक्षरं स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’ होतात, म्हणजे अकरा. काही खटकलं की नर्सला त्याच दिवशी फोन. नोपालचा, म्हणजे निवडुंगाचा रस पिताना दिसल्या तर नाक मुरडू नका, आपल्याकडे कारल्याचा पितातच. फक्त साखर किती उतरतेय ते नर्सच्या कानावर घाला.

व्यायामाचं म्हणाल तर आमच्या एका दोन्यांनी खुर्चीतून उठबस पाचच्या वर कधी केली नाही. एकदा मुलगी मैद्याच्या तोर्तिया करत होती, तिचं लाटणं काही आईला पसंत पडेना. मी वॉकर ओट्याला लावला, मागे खुर्ची ठेवली, पट्टा धरून उभा राहिलो. आजी सतरा मिनिटं उभ्या होत्या, लेकीला बोलत, एका हाताने आधार आणि दुसऱ्याने लाटणं. मी नोंदीत ‘उभं राहून तोल सांभाळण्याचा सराव’ असं लिहिलं. पुढच्या भेटीपासून वेळ त्यांनीच ठरवून दिली, सकाळी दहा, कणीक भिजली की.

आजींकडे लाल-पांढरं-निळं मेडिकेअर कार्ड एकटंच आहे की सोबत मेडिकेडचंही, तेवढं बघून कळवा. डे केअर आणि प्रोव्हायडरसाठी सोशल वर्करला नेमकं काय सांगायचं ते मग लिहितो.