ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरीला पहिल्यांदा जाताय?

शनिवार-रविवार टाळा. मंगळवारी रात्री मुक्कामाला पोचा आणि बुधवारी उजाडायच्या आत जवळच्या अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जा. तानसा नदीवर धुकं असतं, त्यात कुंडाची वाफ मिसळते. तेवढ्यासाठीच मी दर थंडीत जातो.

खोली ठरवताना एकच विचारा: न्हाणीत कुंडाचं पाणी येतं की गिझरचं? आम्ही एकदा गिझरला पैसे मोजून आलोय.

चांदीचे पैंजण, अंगठ्या खोलीवरच ठेवा, गंधकाने काळ्या पडतात. आधी पाय बुडवा, मग दहा मिनिटं बसा, बाहेर या, पाणी प्या. बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावं. वज्रेश्वरी देवीच्या देवळाच्या पायऱ्या आंघोळीआधी चढा. नंतर पाय उचलत नाहीत!