टेक्सासमधील लॅटिनो: वस्ती मोठी, मतदारयादी लहान

प्रश्न: माझी भाची ह्यूस्टनला असते. टेक्सासमध्ये जवळजवळ चाळीस टक्के लोक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, आहेत, असे ती सांगते. तरी राज्याच्या निवडणुकांत त्यांचा प्रभाव तेवढा का दिसत नाही?
– एक वाचक, गुहागर

उत्तर: आपल्या भाचीचा आकडा बरोबर आहे, २०२० च्या जनगणनेत तो ३९.३ टक्के होता. पण गणपतीत चाकरमान्यांनी वाडी भरली, तरी ज्यांची नावे मुंबईच्या मतदारयादीत आहेत त्यांचे मत गावात पडत नाही, हे आपण दर वर्षी पाहता. जनगणनेत लहान मुले आणि नागरिकत्व नसलेली माणसेही मोजली जातात, आणि लॅटिनो समाजात या दोहोंचे प्रमाण मोठे आहे. उरलेल्यांनाही मतदानाच्या ३० दिवस आधी स्वतः अर्ज करून नाव नोंदवावे लागते. हीच उणीव ओळखून विली वेलास्केझ यांनी १९७४ मध्ये सॅन अँटोनियोत मतदारनोंदणीची संस्था उभी केली. माझ्या मते लॅटिनो राजकारणातले सर्वांत मोलाचे काम तेच होय.

कॅलिफोर्नियात या नोंदणीला राग कारण ठरला. तेथे १९९४ मध्ये गव्हर्नर (राज्याचे निवडून आलेले प्रमुख) पीट विल्सन यांच्या पाठिंब्याने प्रस्ताव १८७ मंजूर झाला. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना सरकारी शाळा आणि तातडीचे नसलेले उपचार नाकारणारा तो कायदा न्यायालयाने रोखला. परंतु आपल्या शेजाऱ्यांच्या मुलांना शाळेतून काढण्याची भाषा ऐकलेल्या, वर्षानुवर्षे तेथे कायदेशीरपणे राहणाऱ्या हजारो लोकांनी नागरिकत्व घेतले आणि यादीत नावे घातली. १९९६ मध्ये क्रूझ बुस्तामांते हे राज्याच्या असेंब्लीचे पहिले लॅटिनो सभापती झाले आणि १९९८ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर (गव्हर्नरनंतरचे पद) म्हणून निवडून आले.

मात्र ही सारी मते एकाच पक्षाची समजू नयेत. न्यू मेक्सिकोने २०१० मध्ये रिपब्लिकन सुसाना मार्टिनेझ यांना आणि २०१८ मध्ये डेमोक्रॅट मिशेल लुहान ग्रिशम यांना गव्हर्नर केले; दोघीही लॅटिनोच. टेक्सासच्या सीमेवरील, जवळजवळ संपूर्ण लॅटिनो वस्तीच्या स्टार काउंटीनेही (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत शतकाहून अधिक काळानंतर रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला.