पहिलंच घर बांधताय? आधी एवढं सांभाळा

अभिनंदन! टाइल्स, रंग, दिव्यांचे फोटो सध्या बाजूला ठेवा, ते नंतरही बदलता येतात. काँक्रीट बदलता येत नाही.

सगळ्यात जास्त नजर पाण्यावर ठेवा. काँक्रीट कालवताना पाणी कमी आणि भरून झाल्यावर भरपूर, पण बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. माल पटकन सरकावा म्हणून बादल्या ओतल्या जातात. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. आमच्या स्लॅबच्या दिवशी मी चहा आणायला गेलो नि परत येईतो मिक्सरमधून ताकासारखा माल पडत होता. तो कोपरा अजून पावसाळ्यात ठिबकतो.

स्लॅबवर वाफे करून निदान दहा दिवस पाणी साठवा. कॉलमना ओलं गोणपाट गुंडाळा. लोक कॉलमच विसरतात.

बाकी थोडक्यात:

- सळईखाली कव्हर ब्लॉकच (सळई साच्याला टेकू न देणारे सिमेंटचे छोटे ठोकळे) हवेत, दगडाची कपची चालवून घेऊ नका.
- सिमेंट लागेल तसं आणा. तीन महिन्यांहून जुनी गोणी नको. आणलेल्या गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून लांब रचा.
- जोतं रस्त्यापेक्षा चांगलं उंच घ्या. दर डांबरीकरणाला रस्ता वर येतो!

चिरे की विटा हा वाद इतक्यात नको; जवळ जे मिळतं आणि गवंड्याच्या हाताला ज्याची सवय आहे ते घ्या. इंजिनिअरकडून सळयांचं ड्रॉइंग मात्र आधी हातात घ्या, मगच खोदाई.