जेबीएल एल १०० सेंच्युरी हे जुने स्पीकर : अक्रोडी कॅबिनेटवर काळे डाग आणि फोमच्या जाळीचा भुगा, काय करावं?

आधी तारांच्या अधिक-उण्या खुणांचा फोटो घेऊन स्पीकर युनिटं काढा. स्टील वूल अजिबात वापरू नका; त्याचे बारीक तंतू चुंबकाकडे ओढले जाऊन कॉइलच्या (आवाज काढणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) फटीत बसतात आणि आवाज घासट येतो. नायलॉनचा मऊ पॅड आणि टर्पेंटाइनने जुनं मेण, कळकट थर काढा. पांढरट डाग बहुधा इथेच जातो.

काळा डाग लाकडात मुरलेला असतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम ऑक्झॅलिक अॅसिड विरघळवा आणि पूर्ण वरच्या फळीवर लावा, नुसत्या डागावर लावलं तर तिथे फिकट चट्टा उठतो. हातमोजे घालाच, हे अॅसिड विषारी आहे. नंतर ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून एक दिवस वाळवा.

व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला अक्रोडी लाकडाचा पापुद्रा, जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे सँडर मशीन नको. २२० आणि मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर, हाताने, रेषांच्या दिशेने. कडांवर अगदी हलका हात. मग डॅनिश ऑइलचे (लाकडात मुरणाऱ्या पॉलिशच्या तेलाचे) तीन पातळ हात, प्रत्येक वेळी १५ मिनिटांनी पुसून, मध्ये २४ तास. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात; पाण्यात भिजवा.

पुढच्या जाळीचा फोम वाचणार नाही. तो पॉलियुरेथेनचा असतो आणि पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने विघटित होतं, म्हणूनच तो आधी चिकट होतो, मग झडतो. जाळीची चौकट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा आणि याच मॉडेलसाठी कापलेला चौकड्यांचा नवा फोम बसवा. पडद्याचं जाड कापड लावलंत तर ट्वीटरचा (उंच स्वर देणाऱ्या छोट्या स्पीकरचा) आवाज दबेल.