उघड्यावरच्या मोफत ब्लूज गिटार मैफलीत कुठे बसायचं आणि काय ऐकायचं?

प्रश्न थोडक्यात असा: शहरात बागेत किंवा चौकात फुकट होणाऱ्या ब्लूज गिटारच्या कार्यक्रमांना गेलो, लवकर जाऊन अगदी पुढची जागा धरली, तरी आवाज गढूळ आला आणि तासाभराने सगळी गाणी सारखीच वाटायला लागली. चुकतंय कुठे?

पहिली तक्रार जागेची आहे आणि दुसरी मोजणीची. दोन्ही एका संध्याकाळीत सुटतात.

आधी जागा. मोठ्या मंचाचे मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना, उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मधल्या आणि मागच्या गर्दीवर असतो. मंचाला खेटून मधोमध उभं राहिलात तर तो आवाज डोक्यावरून निघून जातो. तुमच्यापर्यंत पोचतात ते थेट ड्रम आणि ज्याच्या समोर उभे आहात त्या वादकाचा अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका. गायकाचा आवाज मात्र अॅम्पमधून येत नाही, म्हणून शब्द हरवतात. काही ठिकाणी मंचाच्या कडेला पुढच्या रांगांसाठी छोटे स्पीकर लावतात, पण फुकटच्या कार्यक्रमात ते असतीलच असं धरून चालू नका.

चांगली जागा म्हणजे साउंड इंजिनिअरच्या मिक्सिंग डेस्कच्या थोडं पुढे, शक्य तितकं मध्यरेषेजवळ. तो माणूस स्वतःच्या कानाला बरोबर लागेपर्यंत आवाज जुळवतो, त्यामुळे त्याच्या आसपास बसणाऱ्याला तेच ताट वाढलेलं मिळतं. मात्र बेसचे, म्हणजे खालच्या जड स्वरांचे, मोठे स्पीकर डावी-उजवीकडे ठेवलेले असले तर नेमक्या मध्यरेषेवर बेस छातीत धडधडतो आणि थोडं बाजूला सरकलं की काही ठिकाणी एकदम पातळ होतो. दोन्हीकडून येणाऱ्या लाटा कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे खोडतात. बेस जास्त वाटला तर चार पावलं बाजूला व्हा, इतकाच उपाय. जागा बरोबर आहे का हे तपासायचं असेल तर गाण्यातले स, त, च ऐका. ही व्यंजनं स्पष्ट येत असतील तर गिटारचे बारकावेही येणार.

मागे किती जायचं? उघड्यावर भिंती नसल्याने एका स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने उतरतो. शिवाय ध्वनी सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. म्हणजे ५० मीटरवर बोट तारेवर पडताना दिसतं आणि स्वर सुमारे १५० मिलिसेकंदांनी ऐकू येतो. बोटं बघत ऐकायची असतील तर २५-३० मीटरच्या आत बसा. दुपारी तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळतो, म्हणून मागच्यांना तो क्षीण आणि हेलकावे खाणारा वाटतो. ऊन उतरल्यावर तीच जागा चांगली होते. वारा असेल तर मंचाकडून तुमच्याकडे वाहील अशी बाजू निवडा.

चौकातला छोटा कार्यक्रम वेगळा. तिथे बऱ्याचदा फक्त गाण्याचा माइक स्पीकरला जोडलेला असतो आणि गिटार वादकाच्या अॅम्पमधूनच येते. अॅम्पचे वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ रेषेत जातात. त्या झोतात बसलात तर कानाला सुया टोचतात आणि वाटतं की वादकच कर्कश आहे. तीस-चाळीस अंश बाजूला सरका, तोच अॅम्प गोड लागेल. उजव्या हाताने वाजवणाऱ्या वादकाच्या गिटारची मान प्रेक्षकांच्या उजवीकडे असते, म्हणून तारा दाबणारा हात बघायला थोडं उजवीकडे बसा.

आता मोजणी. ब्लूजचा नेहमीचा साचा बारा बारांचा असतो. बार म्हणजे ठोक्यांचा एक गट. बारा मात्रा नव्हेत. प्रत्येक बार चार ठोक्यांचा, म्हणजे एक आवर्तन ४८ ठोक्यांचं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या शफलमध्ये, म्हणजे झुलत्या ठेक्यात, ते २४ सेकंदांत संपतं, ६० च्या संथ ब्लूजमध्ये ४८ सेकंद घेतं. आपल्या स्वरांत सांगायचं तर पहिले चार बार षड्जाची कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ), पाचवा-सहावा मध्यमाची, सातवा-आठवा पुन्हा षड्ज, नववा पंचम, दहावा मध्यम, अकरा-बारा षड्ज. बाराव्याच्या शेवटी पंचमावर एक वळण येतं, ते तुम्हाला पुढच्या समेकडे ढकलतं. काही गाण्यांत दुसऱ्याच बारला मध्यम येऊन जातो, तेव्हा गोंधळू नका.

पहिली दोन-तीन गाणी फक्त बोटांवर बार मोजा. पाचव्या बारला कॉर्ड बदलल्याचं कानाला कळायला लागलं की सगळी गाणी सारखी वाटणं तिथेच थांबतं, कारण मग साचा ऐकणं बंद होतं आणि त्या साच्यात हा वादक काय करतोय ते ऐकू येतं. शब्दांचाही हिशेब ठरलेला असतो. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळ चार बारांच्या तुकड्यात साधारण पहिल्या दोन बारांत गाऊन संपते आणि उरलेल्या दोन बारांत गिटार बोलते. लावणी-तमाशातला सवाल-जवाब ज्याच्या कानात आहे त्याला ही जागा पटकन सापडेल. बी. बी. किंग गाताना गिटार जवळजवळ थांबवत आणि गाणं थांबलं की तीच ओळ तारेवर पुढे नेत. टाळी द्यायची तर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. आपला हात सवयीने पहिल्यावर पडतो आणि त्याने ड्रमरचा ठेका जड होतो.

सगळेच वादक मात्र बार पाळत नाहीत. जॉन ली हूकर एकटे वाजवताना हवं तेव्हा कॉर्ड बदलत, आणि उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांकडचा ब्लूज, म्हणजे आर. एल. बर्नसाइड यांचा, बहुतेक एकाच कॉर्डवर घुमत राहतो. तिथे मोजणं सोडून द्या.

ब्लूजचा जीव कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या फटीत आहे, आणि ती जागा डोळ्यांनीही दिसते. ए पट्टीत वाजवणारा वादक पातळ बाजूने तिसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) बोट ठेवतो, तो कोमल गंधार. मग तार केसभर ढकलतो. स्वर शुद्ध गंधारापर्यंत पोचत नाही, मध्येच राहतो. त्याच तारेवर सातव्या पडद्याला मध्यम असतो. तिथे अनामिकेमागे मधलं बोट आणि तर्जनी टेकवून तार पंचमापर्यंत ढकलली जाते. मींड ऐकलेल्या कानाला हे परकं वाटणार नाही. बघायचं ते इतकंच की वादक वर किती सावकाश जातो आणि पोचल्यावर मनगट हलवून स्वर कसा धरतो. दोन वादकांमधला फरक मला वेगापेक्षा इथे जास्त कळतो. अल्बर्ट किंग डावखुरे होते आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरत, त्यामुळे पातळ तारा वरच्या बाजूला येत आणि ते त्या खाली ओढत. त्यांचे लांबलचक ओढलेले स्वर त्यातूनच आले.

दोन गाण्यांमध्ये वादक पुन्हा पुन्हा गिटार जुळवतो म्हणून कंटाळू नका. उन्हाने पोलादी तारा सैलावतात आणि स्वर उतरतो, गारवा आला की चढतो. हा उघड्यावरच वाढणारा त्रास आहे. अॅम्पमधून येणारी घूं अशी घरघरही बऱ्याचदा वादकाची चूक नसते. दिव्यांच्या डिमरचा आणि जनरेटरच्या वायरिंगचा आवाज गिटारचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा भाग, उचलतो.

विजेवरची ब्लूज गिटार घडली त्यात रस्त्याचा मोठा वाटा आहे. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवर रविवारच्या बाजारात वादक शेजारच्या घरांतून वायर ओढून अॅम्प लावत, कारण बाजाराच्या गलक्यात साधी गिटार ऐकूच जात नसे. त्याच शहरात १९८४ पासून शिकागो ब्लूज फेस्टिव्हल भरतो, उघड्यावर आणि मोफत. म्हणून फुकटच्या मैफलीला दुय्यम समजू नका, आणि टोपी किंवा डबा फिरला तर रिकाम्या हाताने पुढे ढकलू नका.

कानांची काळजी खरंच घ्या. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. मंचाजवळ तेवढा आवाज सहज असतो. फोमचे बोळे वरचे स्वर जास्त खातात. वादकांसाठी मिळणारे, सगळे स्वर सारखे कमी करणारे प्लग घ्या. लहान मुलांना कानावर बसणारे मफ. बसायला खालून ओल न धरणारी चटई किंवा बुटकी खुर्ची, आणि छत्रीऐवजी रेनकोट, म्हणजे मागच्यांना दिसेल. गडगडाट ऐकू आला तर पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत येऊ नका.

शेवटच्या गाण्याआधी मात्र उठू नका. तेव्हा आधीच्या संचांतले वादकही बऱ्याचदा मंचावर येतात. सोलो आधी बारा-बारा बारांचे वाटतात, मग चार-चार, मग दोन-दोन, आणि या वेळेपर्यंत तुम्ही मोजत असलात तर कुणाची पाळी कधी संपते ते आधीच कळतं. म्होरक्यावर नजर ठेवा. तो गिटारची मान हळूच वर उचलतो, सगळे त्याच्याकडे बघतात, आणि मान खाली येते त्या ठोक्यावर शेवटची कॉर्ड पडते.