रोज शहरात गाडी चालवायची असेल तर मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?
रोज हिंजवडीसारख्या कोंडीत अडकत असाल तर सरळ ऑटोमॅटिक घ्या. डाव्या पायाची क्लचपासून सुटका होते. आपल्याकडे लोकांचा कल बदलू लागला तो २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओत एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन, ऑटोमॅटिकचाच एक प्रकार) आली तेव्हापासून. एएमटीत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्रणा करते. म्हणून ती स्वस्त, आणि मायलेजही मॅन्युअलच्या जवळपास. पण गिअर बदलताना हलका झटका बसतो, ओव्हरटेक करताना तर गाडी क्षणभर विचारात पडते (मला याचा वैताग येतो). बजेट असेल तर सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचे जास्त सुरळीत चालणारे प्रकार चालवून बघा. घाट उतरताना मात्र एएमटीतही मॅन्युअल मोडवर खालचा गिअर टाका, नुसत्या ब्रेकवर राहू नका.