पात्रता जास्त म्हणून नोकरी नाकारतात. बायोडेटातून पीएचडी काढून टाकू का?

पीएचडी झाली आहे, ॲनालिस्टच्या साध्या जागांसाठी अर्ज करताय, आणि 'ओव्हरक्वालिफाइड' म्हणून नकार येतोय. मग डिग्रीच लपवू का, असं तुम्ही विचारलंय. लपवू नका. पण पहिल्याच ओळीत मिरवूही नका.

मी बरीच वर्षं भरती करणाऱ्यांच्या बाजूला बसलो आहे. तुमच्या हुशारीबद्दल तिथे कुणाचीच तक्रार नसते. धास्ती असते ती ही, की हा माणूस बरी जागा मिळाली की निघून जाणार आणि आपल्याला पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती, पुन्हा ट्रेनिंग. ही धास्ती किती मुरलेली आहे बघा. अमेरिकेत न्यू लंडन नावाच्या शहरात पोलीस भरतीच्या चाचणीत एका उमेदवाराला 50 पैकी 33 गुण मिळाले. मुलाखतीला बोलावलं ते 20 ते 27 गुणवाल्यांना. जास्त गुणवाले कंटाळून लवकर सोडून जातात आणि ट्रेनिंगचा खर्च बुडतो, असं शहराचं म्हणणं. तो कोर्टात गेला आणि 2000 साली अपिलातही हरला!

दुसरी शंका कुणी बोलून दाखवत नाही. तुमचा होणारा मॅनेजर तुमच्याहून वयानं आणि शिक्षणानं लहान असतो. 'हा उद्या मलाच शिकवायला लागला तर?' माझ्या मते जास्त अर्ज इथेच अडकतात.

म्हणून त्यांनी विचारायच्या आत उत्तर द्या. कव्हर लेटरमध्ये दोनच वाक्यं पुरतात: 'संशोधनात एकेका प्रश्नावर वर्षं जातात. मला रोजच्या रोज उपयोगी पडणारं विश्लेषण करायचंय, म्हणून ही जागा मी विचार करून निवडली आहे.' कारण अर्थातच तुमचं स्वतःचं हवं, घोकलेलं लगेच कळतं. मोठी टीम सांभाळलेल्या एका बाईंना आम्ही विचारलं, 'खालच्या पदावर का येताय?' त्या म्हणाल्या, 'दिवसभर लोकांच्या रजा मंजूर करून कंटाळले. मला परत स्वतः काम करायचंय.' विषय तिथेच संपला. त्याच जागेसाठी आलेले एक गृहस्थ मात्र प्रत्येक प्रश्नाला 'चालेल, काहीही चालेल' म्हणत होते. ज्याला काहीही चालतं तो टिकेल यावर कोण विश्वास ठेवणार?

बायोडेटाचं म्हणाल तर तो काही प्रतिज्ञापत्र नव्हे. प्रबंधाचं लांबलचक नाव, शोधनिबंधांची यादी, परिषदा, सगळं गाळा. पण डिग्रीच गाळलीत तर मधल्या वर्षांचं भगदाड दिसतं, आणि ते डिग्रीपेक्षा जास्त खटकतं. ती वर्षं काम म्हणून लिहा: कुठला डेटा गोळा केला, कुठलं सॉफ्टवेअर वापरलं, अहवाल कुणासाठी केले. शिक्षण शेवटी, एका ओळीत. फॉर्ममध्ये 'सर्वोच्च शिक्षण' असा रकाना असेल तर तिथे मात्र खरंच लिहा. खोटी माहिती नंतर उघडकीस आली तर लागलेली नोकरीही जाते.

पगाराचा विषय एचआरच्या पहिल्या फोनवरच मोकळा करा, 'या पदाचा पगार मला माहीत आहे आणि तो मान्य आहे' इतकंच. त्याहून कमीत यायची तयारी आपणहून दाखवू नका.

आणि कधी कधी 'ओव्हरक्वालिफाइड' हा नुसता सभ्य नकार असतो. आतला माणूस आधीच ठरलेला असतो, किंवा तुमचं वय नको असतं. तिथे बायोडेटात कितीही खाडाखोड केलीत तरी फरक पडत नाही.